विकणे आहे, पोलीस अधिकाऱ्याची गाडी

शुद्धलेखनाच्या चुका होतील आणि अक्षरही वेडंवाकडं आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीत सुटली. त्यानंतर किराण्याची यादी आणि गॅसचा नंबर सोडला तर फारसं काही लिहिलं नाही. वाचायची सवय मात्र मोडली नाही.

माझे पती पोलीस खात्यातून फौजदार म्हणून निवृत्त झाले. कराडात सगळे त्यांना साहेब म्हणतात, म्हणून मीही इथे साहेबच लिहिते. निवृत्तीनंतर त्यांनी एका जाड वहीत आपल्या नोकरीतल्या बावीस केसेस लिहून काढल्या. खबर कशी लागली, आरोपी कसा बोलता झाला, मुद्देमाल कुठून निघाला, सगळं त्यात आहे. त्यातल्या दोन दिवाळी अंकात छापूनही आल्या. तेविसावी त्यांनी लिहिली नाही. लिहिणारही नाहीत. वहीची मागची पानं कोरी होती, तिथे मी लिहिते आहे.

ती शनिवारची दुपार अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

गाडी आमची नव्हती. माझा भाऊ फौजेतून निवृत्त होऊन पलूसला आला तेव्हा त्याने ती हौसेने घेतली होती. पांढरी, छोटी, पाच माणसं बसतील एवढी. दोन वर्षांनी भाऊ बसल्या जागी गेला. वहिनींना गाडी चालवता येत नाही. त्यांनी गाडी रीतसर आपल्या नावावर करून घेतली आणि विकायचं ठरवलं. पलूसच्या बाजारपेठेत एक चालू पिठाची गिरणी जागेसकट भाड्याने मिळत होती. दोन चक्क्या, एक मिरची कांडपाचं मशीन. अनामत रक्कम महिनाअखेरीला भरायची होती. गाडीचे पैसे आले की गिरणी वहिनींची. बाकी फौजेची अर्धी पेन्शन आणि कॉलेजातली एक मुलगी, एवढंच त्यांच्याकडे होतं.

साहेब म्हणाले, "वहिनी, तुम्ही बाईमाणूस, कुठं गिऱ्हाईक शोधत बसणार? गाडी कराडला आणून ठेवा. मी आहे ना."

वहिनींनी गाडी आणून दिली. नाव बदलायचे फॉर्म असतात, त्यांना सगळे टीटी म्हणतात. साहेबांनी त्या कोऱ्या फॉर्मांवर वहिनींच्या सह्या घेतल्या. घेणाऱ्याचं नाव, तारीख, किंमत, सगळं कोरं. आमच्याकडे सगळे असंच करतात. "परत परत पलूसवरनं यायला नको तुम्हाला," साहेब म्हणाले. वहिनींनी विचारलंही नाही की कशावर सही करते आहे. पोलिसांच्या घरी कशाला विचारायचं?

आमची मुलगी पुण्याहून आली होती. तिने फोनवर गाडीची जाहिरात टाकली. फोटो, किलोमीटर, किंमत सव्वातीन लाख. साहेब मागे उभे राहून सांगत होते.

"खाली लिही, निवृत्त पोलीस अधिकाऱ्याची गाडी."

"पप्पा, ते कशाला? गाडी मामाची आहे."

"लिही तू. माणसं नीट वागतात."

तिने लिहिलं.

चार दिवसांत बरेच फोन आले. कुणी दीड लाखाला मागितली, कुणी नुसतंच बोलून ठेवून दिलं. पाचव्या दिवशी, शनिवारी दुपारी, तो दारात आला. तिशीतला, केस बारीक कापलेले, पॅन्टला कडक इस्त्री. साहेबांना बघताच टाचा जुळवून उभा राहिला आणि म्हणाला, "जय हिंद सायेब."

मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर घरी बसलेल्या माणसाला असं कुणी 'जय हिंद' म्हटलं की काय होतं, ते मी त्या दिवशी बघितलं. साहेबांची पाठ सरळ झाली. चपला काढायच्या आतच त्यांनी त्याला खुर्ची दिली.

"कुठलं रं तू?"

"सांगलीचा, सायेब. वडील खात्यात हुते. हेडकॉन्स्टेबल. पोलीस लाईनीतच वाढलो आमी." त्याने वडिलांचा बक्कल नंबर सांगितला, कोणत्या ठाण्यात होते ते सांगितलं, नाकाबंदीत पाय मोडला तेही सांगितलं. हजेरी, रजा, बदली, सगळे शब्द जिथल्या तिथे. साहेब ऐकत होते आणि मधेमधे हसत होते. बऱ्याच दिवसांनी हसत होते.

मी पोहे घेऊन गेले. त्याने उठून मला नमस्कार केला. "काकू, लाईनीतली आठवण आली बगा. आमची आई बी असंच लिंबू पिळायची." मग साहेबांकडे वळून म्हणाला, "वडील असताना गणपतीत लय मजा हुती सायेब. दरवर्षी विसर्जनाला बाबांच्या खांद्यावर बसून कृष्णेच्या घाटावर जायचो. घरी येऊन सगळी मिळून मोदक खायचो."

मी ताटली तिथेच धरून उभी राहिले.

ज्यांच्या घरात पोलीस नाही त्यांना यात काही वाटणार नाही. पण मी चौतीस वर्षं पोलिसाची बायको आहे. गणपतीचे दहा दिवस पोलीस घरी नसतो. विसर्जनाला तर नसतोच. तो मिरवणुकीत दुसऱ्यांचे गणपती सांभाळत चोवीस तास उभा असतो. लाईनीतले गणपती बाया आणि पोरंच पाण्यात सोडतात. माझ्या मुलीने लहानपणी एकदा तरी बापाच्या खांद्यावर बसून विसर्जन बघितलं असेल तर शपथ. आणि ह्याचा बाप दरवर्षी?

मी आत आले आणि हाक मारली. "आवं, जरा आत या."

"काय ते तिथनंच बोल," साहेब म्हणाले.

तो माणूस समोर बसलेला. त्याच्यासमोर कसं बोलायचं की हा खोटं बोलतोय? आणि माझं चुकलं तर? चौतीस वर्षांत मी साहेबांच्या कामात एक शब्द बोलले नव्हते. माझ्या तोंडून निघालं, "साखर संपलीया."

तो बाहेरून हसला. "बिनसाखरेचा बी चालंल, काकू!"

साहेबही हसले. मी डब्यातली साखर काढून चहात घातली.

व्यवहार तीन लाख दहा हजारांवर ठरला. तो म्हणाला, "सायेब, उद्या अमावस्या लागती. आईचं म्हणणं, अमावस्येला गाडी दारातनं हलवायची न्हाई. आजच नेतो. पैसं आत्ता टाकतो तुमच्या खात्यावर." अमावस्येला गाडी घ्यायची नाही, द्यायची नाही, हे आमच्याकडे सगळेच पाळतात. आम्हीही पाळतो. त्यामुळे घाई त्याची आहे असं वाटलंच नाही, आमचीच वाटली. शनिवार दुसरा होता, बँक बंद. रविवारीही बंद. हे त्याने सांगितलं नाही आणि आमच्याही लक्षात आलं नाही.

साहेबांनी खात्याचा नंबर सांगितला, त्याने फोनवर बोटं फिरवली. साहेबांच्या फोनवर मेसेज वाजला. बँकेचं नाव, खात्याचे शेवटचे आकडे, तीन लाख दहा हजार जमा. साहेबांनी चष्मा लावून वाचला आणि फोन खिशात टाकला. कोरे टीटी फॉर्म, गाडीचं पुस्तक, विमा आणि दोन्ही चाव्या त्याला दिल्या. वहिनींच्या वतीने मी नारळ दिला. त्याने तो मागच्या सीटवर टाकला. नवी गाडी घेणारा माणूस चाकापुढे नारळ फोडतो, निदान हात तरी जोडतो. हा खिडकीतून हात हलवून निघून गेला.

"गुणी पोरगं आहे," साहेब म्हणाले. "खात्यातलं रक्त."

सोमवारी पासबुक घेऊन साहेब बँकेत गेले, मीही गेले. मशीनमध्ये पासबुक घातलं. पान उलटलं, मशीन घरघरलं आणि पासबुक तसंच बाहेर आलं. एक ओळही नवीन उमटली नव्हती. काउंटरवरच्या बाईंनी फोन मागितला, मेसेज बघितला आणि म्हणाल्या, "साहेब, हा बँकेचा नाही. आमचा मेसेज अक्षरांच्या नावाने येतो. हा बघा, दहा आकडी मोबाईल नंबरवरून आलाय."

साहेबांनी त्या नंबरवर लावून बघितलं. बंद. त्या माणसाचा नंबरही बंद.

घरी येऊन दार लावल्यावर साहेब म्हणाले, "कुणाला बोलायचं नाही. मी शोधतो त्याला. माझी माणसं आहेत अजून."

"तक्रार द्या की."

"मी? तक्रार?" ते माझ्याकडे असे बघायला लागले जणू मीच गाडी नेली. "ज्या ठाण्यात मी लोकांच्या फिर्यादी लिहून घेतल्या तिथं जाऊन सांगू, की मला एका पोराने जय हिंद म्हणून लुटलं?"

दहा दिवस गेले. त्यांची माणसं कुणी निवृत्त झालेली, कुणी बदलून गेलेली. ज्यांना फोन लागला त्यांना खरं काय ते सांगायचं नव्हतं, म्हणून कुणाला काही शोधताही येईना. वहिनींचा फोन आला की साहेब बाहेरच्या खोलीतून सांगायचे, "चेक दिलाय हो त्याने. वटायला वेळ लागतो." पलीकडून वहिनी म्हणायच्या, "बरं दाजी." मी भाजी चिरत ऐकायची. खोटं ते बोलले, ऐकून गप्प मी बसले. यात कमी कोण आणि जास्त कोण, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग खबर लागली. साहेबांच्या वहीत प्रत्येक केसला एक खबरी आहे. या केसची खबर माझ्या मेलेल्या भावाच्या फोनने दिली.

तो फोन वहिनींनी बंद केला नव्हता. भावाच्या फोटोखाली चार्जिंगला लावून ठेवायच्या. गाडीच्या काचेवरचा टोलचा स्टिकर, फास्टॅग म्हणतात तो, याच फोनला जोडलेला होता आणि गाडी देताना तो काढायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. अकराव्या दिवशी वहिनींनी मला फोन केला.

"वन्सं, गाडी कुणाला दिली म्हणाला? ह्यांच्या फोनवर टोल कापल्याचं मेसेज येत्यात. आधी सांगलीकडचा आला, आता तीन दिस झालं सोलापूर रस्त्याचा येतोय. त्या माणसाला सांगा की, आपला स्टिकर लावून घे म्हणावं. आमचं पैसं कापत्यात."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. साहेब झोपले होते. मी लुगडं बदललं, पासबुक पिशवीत घातलं आणि ठाण्यात गेले.

लाईनीत राहिलेल्या बाईला ठाणं नवं नसतं, पण मी तिथे आजवर डबा द्यायलाच गेले होते. काउंटरवर ठाणे अंमलदार होते. त्यांनी मला ओळखलं.

"काकी तुम्ही? साहेब कुठायत?"

"घरी."

"फोन लावू का त्यांना?"

"लावू नका. मला तक्रार द्यायचीय."

त्यांनी स्टेशन डायरी मिटली आणि मला सब-इन्स्पेक्टर मॅडमच्या खोलीत नेलं. मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी आधी पाणी मागवलं. मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. मधेच थांबून म्हणाल्या, "मावशी, गाडी कुणाच्या नावावर?"

"वहिनींच्या."

"मग फिर्याद त्यांना द्यावी लागेल. त्यांना माहीत आहे ना?"

मी मान हलवली. नाही.

"मग आधी त्यांना सांगा. इथूनच लावा फोन."

मॅडम उठून बाहेर गेल्या. त्या खोलीत भिंतीवर हरवलेल्या माणसांचे फोटो होते. मी त्यांच्याकडे बघत वहिनींना सगळं सांगितलं. पैसे आले नाहीत. चेक नव्हताच. गाडी फसवून नेली.

वहिनी म्हणाल्या, "दाजी म्हणालं हुतं चेक वटतोय."

"खोटं हुतं ते, वहिनी."

"तुमाला ठावं हुतं?"

"व्हय."

"कवापास्नं?"

"गाडी गेल्यावरच्या सोमवारपास्नं."

"बरं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. अडीच तासांनी एसटीने कराडला उतरल्या. ठाण्यात माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या, पण माझ्याशी बोलल्या नाहीत. फिर्याद दिली, सही केली. त्यांची सही मी दुसऱ्यांदा बघत होते. या वेळी कागद भरलेला होता आणि मॅडमनी तो आधी वाचून दाखवला.

मग मॅडमनी मला विचारलं, तो कसा दिसत होता, काय काय बोलला. मी गणपतीचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"दरवर्षी विसर्जनाला? पोलिसाचा मुलगा?"

"तेच म्हणते मी."

"मावशी, माझे वडील पण खात्यात होते. मी बाप्पा आईबरोबर सोडायचे." मॅडमनी पेन पुन्हा उचललं. "पण त्याला बक्कल नंबर, नाकाबंदी, हजेरी, सगळं येत होतं. हे शब्द दोन प्रकारच्या माणसांना येतात. एक आपल्या घरातली. दुसरी ती, जी इथं येऊन बसतात." त्यांनी मानेनेच कोठडीच्या गजांकडे दाखवलं. "हा इथं बसून शिकलाय."

वहिनींनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "वन्सं, तुमाला त्याच दिशी कळलं हुतं?"

मी काय सांगणार? "मी साहेबांना आत बोलावलं हुतं," एवढंच म्हणाले. साखरेचं सांगायची हिंमत झाली नाही.

मॅडमनी कॉम्प्युटरवर फसवणुकीच्या गुन्ह्यांत अटक झालेल्यांचे फोटो काढले. मी एकेक बघत गेले. चाळीस-पन्नास झाले असतील. एका फोटोवर हात ठेवला. तेव्हा केस वाढलेले होते, मिशी होती, पण डाव्या भुवईवरची चीर तीच. गाड्यांच्या फसवणुकीत दोनदा आत जाऊन आलेला. पत्ता मात्र जुना. तिथे कुणी राहत नव्हतं.

मग भावाच्या फोनचा उपयोग झाला. सोलापूर रस्त्याच्या नाक्यावरच्या कॅमेऱ्यात गाडी सापडली, नंबर तोच होता. चालवणारा आटपाडीचा डाळिंबाचा व्यापारी निघाला. बाजाराला जाता-येता त्याचा टोल वहिनींच्या पैशांतून कापला जात होता. पोलीस त्याच्या दारात गेले तेव्हा तो गाडी धूत होता. त्याने ती दोन लाख वीस हजारांना रोख घेतली होती. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "आमच्या मामांची गाडी हाय. मामा पोलिसात सायेब हुते. मामीच्या सह्या हायत बगा." वहिनींच्या सह्यांचे कोरे फॉर्म भरून व्यापाऱ्याच्या हातात होते. नाव अजून चढलं नव्हतं.

गाडी जप्त झाली तेव्हा तो व्यापारी ठाण्याच्या आवारात ओरडत होता, "आवं, आमी काय चोर हाय व्हय? माळावरची डाळिंबं इकून पैसं मोजल्यात मी!" त्याचंही बरोबरच होतं. त्यालाही 'साहेबांची गाडी' म्हणूनच विश्वास वाटला होता.

व्यापाऱ्याकडे विकणाऱ्याचा दुसरा नंबर होता आणि तो चालू होता. मॅडमनी व्यापाऱ्यालाच फोन लावायला सांगितलं, "माझ्या भावाला पण अशीच एक गाडी पायजे." दुसऱ्या दिवशी सांगलीत एका चहाच्या टपरीवर त्याला उचललं.

साहेबांना जबाबासाठी बोलावणं आलं. तोवर त्यांना सगळं कळलं होतं. मी ठाण्यात गेले म्हणून ते माझ्याशी आठ दिवस बोलले नव्हते. त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले. मॅडम उठून उभ्या राहिल्या, खुर्ची दिली. साहेब बसले. मी दाराशी उभी होते. ओळख पटवण्यासाठी त्याला समोर आणलं. टाचा जुळवायची सवय त्याची गेली नव्हती, पण 'जय हिंद' म्हणाला नाही.

मॅडमनी विचारलं, "निवृत्त पोलिसांच्याच मागे का लागलास? भीती नाही वाटली?"

आधी तो खाली बघत राहिला. मॅडमनी घाई केली नाही. आवाजही चढवला नाही. नुसत्या कागद चाळत बसल्या. बऱ्याच वेळाने तोच बोलायला लागला.

"भीती कसली मॅडम? जाहिरातीत स्वतःच लिवत्यात, पोलिसाची गाडी, फौजीची गाडी. मला शोधावं बी लागत न्हाई. सा गाड्या काढल्या अशा. एकानं बी तक्रार दिली न्हाई. लाज वाटती त्यास्नी. सायबांनी बी दिली नसतीच." मग त्याने माझ्याकडे बघितलं. "काकू येतील आसं वाटलं न्हवतं. काकूंनी तर साखर संपली म्हणून सांगितलं, आन् चहा गोडच आला."

खोलीत वहिनीही होत्या. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं नाही. ते माझ्याकडे बघत होते. त्यांना तेव्हाच कळलं की घरात साखर होती.

केस कोर्टात गेली. त्याच्याकडून अठरा हजार मिळाले, तेही मुद्देमालात जमा. बाकीचे त्याने उडवले होते. गाडीसाठी वहिनींनी अर्ज केला, व्यापाऱ्यानेही केला. तारखा पडत राहिल्या. गाडी ठाण्याच्या भिंतीला लागून उभी राहिली. चाकं बसली, काचेवर कावळ्यांनी घाण केली. महिनाअखेर कधीच निघून गेली होती. गिरणी दुसऱ्याने घेतली. वहिनी आता दुसऱ्यांच्या गिरणीवर दळण आणून द्यायचं काम करतात. त्यांच्या मुलीने बी.एस्सी. सोडलं आणि दुकानात लागली.

साहेब म्हणत होते, निकाल लागू दे. मी म्हटलं, "निकाल लागंल तवा लागंल. वहिनींचं पैसं आपण द्यायचं."

"गाडी मिळाली तर मग?"

"मिळू दे की. त्यांचीच हाय."

मी भिशीत साठवलेले साठ हजार आधी नेऊन दिले. पेन्शनमधले महिन्याला दहा हजार ठरले. मीच एसटीने पलूसला जायचे, पैसे द्यायचे, चहा घ्यायचे, परत यायचे. साहेब कधी आले नाहीत.

साहेबांच्या प्रत्येक केसच्या शेवटी एक परिच्छेद असतो, या गुन्ह्याने मला काय शिकवलं म्हणून. ते चोरांबद्दल लिहितात. मला जे कळलं ते आपल्याच माणसांबद्दल. गाडी विकायची असेल तर जाहिरातीत गाडीचं लिहा, स्वतःचं नको. तुम्ही कोण आहात हे वाचून प्रामाणिक माणूस येत नाही, लबाड येतो. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, कुणाला करायलाही लावू नका. घेणाऱ्याबरोबर आरटीओत स्वतः जा, दिवस मोडला तरी चालेल. मेसेजवर विश्वास ठेवू नका. बँक उघडी असेल त्या दिवशी व्यवहार करा आणि पैसे पासबुकात दिसले की मगच चावी द्या. टोलचा स्टिकर काढून घ्या. मुहूर्त, अमावस्या, आईचा शब्द, घाई कशाच्याही नावाने आली तरी ती घाईच असते. आणि मानाने बोलणारा माणूस घरात आला की घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारा, तुला काय वाटतं. विचारलं नाही तरी त्या दुसऱ्या माणसाने बोलावं. पाहुण्यासमोर बोलावं लागलं तरी बोलावं. आपलं चुकलं तर एक गिऱ्हाईक जाईल. मी एवढं एक वाक्य वाचवलं आणि त्यात एका घराची गिरणी गेली.

पंचविसावा हप्ता मी मागच्या आठवड्यात नेऊन दिला. वहिनींनी पैसे घेतले आणि भावाच्या फोटोमागे ठेवले. चहा केला. मी निघाले तेव्हा दारापर्यंत आल्या.

"झालं सगळं, वन्सं?"

"व्हय. तीन लाख धा हजार."

"मग आता पैशाबिगर बी येत जावा की कवातरी."

मी चपला घालत होते, मान वर केली नाही. दोन वर्षांत मी त्यांच्याकडे एकदाही नुसती गेले नव्हते.

घरी आले तर साहेब बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. पेपर खाली न करताच त्यांनी विचारलं, "दिलेस?"

"दिले."

"पोच घेतलीस का लिहून?"

माझ्या भावाच्या बायकोकडून.

"न्हाई घेतली," मी म्हणाले. "पैसं तेवढं फिटलं."